मालदीवमध्ये डायव्हिंग : आधी महिना आणि प्रवाह, मग बेट

मालदीवला जायचे ठरले की बहुतेक जण प्रथम हॉटेलांची छायाचित्रे पाहतात, त्यातले एक बेट पसंत करतात आणि सुट्टी मिळेल त्या महिन्याचे तिकीट काढतात. निव्वळ विश्रांतीसाठी जाणाऱ्याला हा क्रम चालून जातो. ज्याला पाण्याखाली उतरायचे आहे, त्याने मात्र तो नेमका उलटा करावा : आधी महिना ठरवावा, मग त्या महिन्यात समुद्राचा प्रवाह कुठून कुठे वाहतो ते पाहावे, त्यावरून अटॉलची, म्हणजे प्रवाळी बेटांच्या कड्याची, बाजू निवडावी आणि राहण्याचे बेट सर्वांत शेवटी नक्की करावे. सुमारे १,२०० बेटे आणि २६ अटॉल असलेला हा देश उत्तर-दक्षिण ८०० किलोमीटरहून अधिक पसरलेला आहे; त्यामुळे चुकीच्या बाजूला मुक्काम पडला, तर ‘उद्या जरा पलीकडे जाऊन येऊ’ असे म्हणण्याची सोय नसते.

पाण्याची चार नावे

अटॉल म्हणजे बुडालेल्या ज्वालामुखी पर्वताभोवती वाढत राहिलेल्या प्रवाळाचे कडे. दिवेही भाषेतील ‘अतोळु’ या शब्दावरूनच हा शब्द जगभर गेला. दिवेही ही सिंहलीची जवळची आणि आपल्या मराठीची लांबची बहीण आहे. डायव्हिंगच्या होडीवर त्या भाषेतले चार शब्द सतत कानावर पडतात आणि ते आधीच माहीत असले, तर सकाळच्या सूचना पुष्कळ सोप्या होतात. ‘फरु’ म्हणजे अटॉलची प्रवाळी कड. ‘कंडू’ म्हणजे त्या कडेतील खिंड, जिच्यातून बाहेरच्या महासागराचे पाणी आत-बाहेर करते. ‘थिला’ म्हणजे पाण्याखालीच राहिलेला प्रवाळाचा सुळका, ज्याचा माथा बहुधा काही मीटर खोल असतो. ‘गिरी’ म्हणजे माथा जवळजवळ पृष्ठभागाला टेकलेला छोटा प्रवाळखडक. नवशिक्याला गिरी मानवते, अनुभवी डायव्हर कंडूसाठी आलेला असतो, आणि थिला दोघांना पुरतो, परंतु प्रवाह असेल त्या दिवशी नाही.

वर्षाचे दोन भाग पडतात. साधारण डिसेंबर-जानेवारीपासून एप्रिलपर्यंत ईशान्य मोसमी वारे असतात. त्यांना तेथे ‘इरुवाई’ म्हणतात. या काळात आकाश बरेच निरभ्र असते, समुद्र शांत असतो आणि प्रवाह ढोबळमानाने पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतो. मे ते नोव्हेंबर हा ‘हुळंगू’चा, म्हणजे नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचा काळ, पाऊस आणि वारा वाढतो, आणि प्रवाह उलटून पश्चिमेकडून पूर्वेकडे जाऊ लागतो. ज्या बाजूने महासागराचे पाणी आत शिरते, तेथे ते स्वच्छ असते आणि कंडूच्या तोंडाशी शार्क गोळा होतात. ते पाणी अटॉलमधून जाताना सूक्ष्म जीव बरोबर घेते आणि विरुद्ध बाजूने बाहेर पडते. तेथे पाणी गढूळ असते, पण त्याच गढूळ पाण्यात मांटा रे (पाकटाच्या जातीचे मोठे मासे) खायला येतात. सारांश इतकाच, की जानेवारी ते एप्रिल शार्कसाठी पूर्वेच्या खिंडी आणि मांटासाठी पश्चिमेची कड धरावी. जून ते नोव्हेंबरमध्ये हे उलटे करावे.

याच्या जोडीला चंद्र आहे. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास, म्हणजे उधाणाच्या दिवसांत, खिंडीतले पाणी जोरात धावते; अष्टमीच्या सुमारास, भांगाच्या दिवसांत, ते मंदावते. कोकण किनाऱ्यावर तिथीला पाऊण पटीने गुणून भरतीची वेळ काढण्याची जी रीत आहे, ती मालदीवमध्ये उपयोगी पडत नाही, कारण तेथील भरतीच्या वेळा निराळ्या आहेत. उधाण-भांगाचा हिशेब मात्र जसाच्या तसा लागू होतो. तेव्हा तारखा ठरवताना घरातली दिनदर्शिका जरूर काढावी : जोरदार प्रवाहाची सवय असेल तर उधाण, पहिलीच खेप असेल तर भांग.

स्वतःची पातळी प्रामाणिकपणे ठरवणे

मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ किंवा गोव्यात ग्रँड आयलंडला प्रशिक्षकाने धरून पाण्याखाली नेलेले असते आणि त्याचे चलच्चित्रही हाती मिळालेले असते. त्यामुळे ‘स्कूबा केले आहे’ असे अनेकांना वाटते. तो अनुभव चांगलाच असतो, पण तो परवाना नव्हे. मालदीवमध्ये अशा व्यक्तीला पुन्हा प्रशिक्षकाच्या हातात हात देऊनच, जास्तीत जास्त १२ मीटरपर्यंत नेले जाते. स्वतंत्र डायव्हर म्हणून उतरण्यासाठी ‘ओपन वॉटर’ प्रमाणपत्र लागते. ते १८ मीटरपर्यंतचे असते आणि अभ्यासक्रमाला तीन ते चार दिवस लागतात. त्यापुढचे ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ ३० मीटरपर्यंत नेते. ‘ओपन वॉटर’साठी किमान वय १० वर्षे आहे.

माझे मत असे, की पहिले प्रमाणपत्र येथेच मिळवून जावे. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे, तेथे पावसाळा सोडून बाकीच्या महिन्यांत शिकता येते. मालवणच्या समुद्रात दृश्यमानता कमी असते, हे खरे. पण ज्याने थोड्या गढूळ पाण्यात मास्क काढून पुन्हा लावण्याचा सराव केला आहे, तो मालदीवच्या २० मीटर दिसणाऱ्या पाण्यात घाबरत नाही. शिवाय परदेशातले महागडे चार दिवस गुडघ्यांवर बसून कवायत करण्यात जात नाहीत. मालदीवमध्ये विशेष काम येणारी कौशल्ये दोन : तरंगण्यावरचा ताबा आणि प्रवाहासोबत वाहत जाण्याची सवय. ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ करायचे असेल, तर ते मात्र तेथे करावे, कारण प्रवाही डायव्ह शिकायला त्याहून चांगली शाळा नाही.

दमा, हृदयविकार, कानाची शस्त्रक्रिया किंवा फिट येण्याचा इतिहास असेल, तर प्रश्नावलीत सर्वत्र ‘नाही’ लिहून वेळ मारून नेऊ नये. निघण्यापूर्वीच डॉक्टरांचे पत्र घ्यावे. साधी सर्दीसुद्धा डायव्ह बंद पाडते, कारण नाक चोंदले असताना कानांतला दाब समान करता येत नाही.

कोणते अटॉल निवडावे

पहिल्यांदा जाणाऱ्याने आणि ज्याच्या घरातील बाकीचे लोक केवळ स्नॉर्केलिंग करणार आहेत त्याने दक्षिण आरी अटॉलचा प्रथम विचार करावा. तेथील कडेवर व्हेल शार्क वर्षभर दिसतात. २००९ मध्ये हा भाग संरक्षित घोषित झाला. येथे दिसणारे बहुतेक मासे अल्पवयीन नर असतात, तरीही त्यांची लांबी पाच-सहा मीटरच्या घरात असते. दिगुरा हे लांबट, झाडीचे बेट किंवा विमानतळ असलेले मामिगिली येथे मुक्काम करता येतो. एक सावधगिरीची सूचना : व्हेल शार्क दिसला की आसपासच्या सगळ्या होड्या तेथे धावतात आणि क्षणात पाण्यात पन्नास जोडी फिन हलू लागतात. सकाळी लवकर निघणारी होडी आणि दोन-तीन दिवसांची सवड ठेवली, तर हा गोंधळ पुष्कळ टळतो.

बा अटॉलमधील हनिफारू हे ठिकाण मात्र महिना पाहूनच गाठावे. अटॉलच्या पूर्व कडेवरचे हे छोटे, फुगवट्यासारखे आखात हुळंगूच्या काळात, विशेषतः ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या उधाणात, सूक्ष्म जीवांनी भरून जाते. मग मांटा येतात, कधी दहा-वीस, तर कधी शंभराहून अधिक. आपल्याकडच्या पाकटाची ही मोठी भावंडे. पंखांचा पसारा तीन-साडेतीन मीटर. तोंड उघडून, एकामागे एक, साखळी करून ती फिरू लागतात. खाद्य दाट असेल, तर साखळीचे पहिले टोक शेवटच्या टोकाला मिळते आणि पाण्यात एक भोवरा तयार होतो. तुम्ही वर निश्चल तरंगत असता आणि खालून येणारा एखादा पांढरा, उघडा जबडा अगदी छातीजवळ आल्यावर सहज वळतो. बा अटॉल २०११ पासून युनेस्कोचे जीवावरण राखीव क्षेत्र आहे. हनिफारूत २०१२ पासून सिलिंडर घेऊन उतरण्यास बंदी आहे; केवळ स्नॉर्केलिंग, तेही परवानाधारक मार्गदर्शकासह, मर्यादित संख्येने आणि ४५ मिनिटांच्या वेळेत. दरवांदू हे विमानतळ असलेले बेट जवळच आहे. फेब्रुवारीत येथे येऊन ‘मांटा कुठे आहेत?’ असे विचारणाऱ्यांची कीव करावी तेवढी थोडी.

वावू अटॉल मालेपासून स्पीडबोटीने तास-दीड तासावर आहे. फोट्टेयो कंडू ही पूर्वेकडची नामांकित खिंड येथलीच. इरुवाईत तेथील पाणी काचेसारखे असते. आलिमथा येथील रात्रीच्या डायव्हमध्ये नर्स शार्क अक्षरशः पायांत घुटमळतात. वर्षानुवर्षे मिळालेल्या खाद्यामुळे त्यांना माणसांची सवय झाली आहे, त्यामुळे हा देखावा मला फारसा रुचत नाही. पण रात्री प्रथमच उतरणाऱ्याला तो विसरता येत नाही, हेही खरे. आरीच्या उत्तरेला रस्दू आहे, जेथे उजाडण्यापूर्वी निघून निळ्या पाण्यात हातोड्यासारख्या डोक्याचे शार्क शोधतात. ते रोज भेटतीलच असे नाही.

दक्षिणेची गोष्ट वेगळी आहे. विषुववृत्ताच्या किंचित दक्षिणेस असलेले फुवमुला हे एकच बेट म्हणजे एक संपूर्ण अटॉल आहे. भोवती उथळ सरोवर नाही, कड थेट खोल महासागरात उतरते. मच्छीमार बंदराजवळ टाकत आलेल्या माशांच्या अवशेषांमुळे तेथे टायगर शार्क गोळा होऊ लागले आणि आता ते वर्षभर दिसतात. डायव्ह फार खोल नसतो, पण नियम कडक असतात : पाठीला खडक ठेवायचा, हात शरीराजवळ घ्यायचे, शार्कवरची नजर काढायची नाही आणि मार्गदर्शकाच्या खुणेशिवाय जागा सोडायची नाही. नवशिक्याने येथे सुरुवात करू नये, मग जाहिरात काहीही म्हणो. डायव्हिंग न करणाऱ्यांसाठी बंदारा किळी आणि दडिमागी किळी ही दोन गोड्या पाण्याची तळी आणि थुंडीचा पांढऱ्या गोट्यांचा किनारा आहे. मालदीवमध्ये असा निसर्ग दुर्मीळ.

त्याखालच्या अड्डू अटॉलमध्ये ‘ब्रिटिश लॉयल्टी’ हे सुमारे १४० मीटर लांबीचे तेलवाहू जहाज बुडालेले आहे. मार्च १९४४ मध्ये जर्मन पाणबुडीच्या टॉर्पेडोने ते जखमी झाले आणि १९४६ मध्ये ब्रिटिशांनीच ते बुडवले. तळ ३० मीटरहून थोडा खोल असला, तरी जहाजाची वरची बाजू बरीच आधी लागते. अड्डूची पश्चिमेकडची बेटे रस्त्याने जोडलेली असल्यामुळे सायकलवर एक दिवस सुखाने जातो.

वाडू बेटावरचा रात्री चमकणारा किनारा पाहण्यासाठी कोणी खास तिकीट काढू नये. ती चमक खरी असते, पण तिचे वेळापत्रक नसते. आणि थंडीच्या दिवसांत अशी चमक कोकणातही अधूनमधून दिसते.

जाणे, कागदपत्रे आणि खर्च

मुंबईहून मालेला थेट विमानाने सुमारे तीन तास लागतात. भारतीयांना पोहोचल्यावर विनामूल्य व्हिसा मिळतो; परतीचे तिकीट, राहण्याचे आरक्षण आणि प्रवासापूर्वीच्या ९६ तासांत ‘इमुगा’ या संकेतस्थळावर भरलेला अर्ज लागतो. हा अर्ज विनामूल्य आहे. त्यासाठी पैसे मागणारी संकेतस्थळे टाळावीत. मद्य, डुकराचे मांस आणि पूजेच्या मूर्ती देशात नेण्यास मनाई आहे. प्रवासात गणपतीची छोटी मूर्ती जवळ ठेवण्याची अनेकांची सवय असते. ती या खेपेला घरीच ठेवावी.

विमानतळ हुळुले बेटावर आहे आणि २०१८ मध्ये खुल्या झालेल्या पुलाने मालेशी, तर भरावावरच्या रस्त्याने हुळुमालेशी जोडलेला आहे. पुढचा प्रवास तीन प्रकारांनी होतो. मालेजवळच्या अटॉलांसाठी स्पीडबोट, लांबच्या अटॉलांसाठी देशांतर्गत विमान, आणि रिसॉर्टसाठी बहुधा सी-प्लेन. सी-प्लेन केवळ दिवसाउजेडी उडते; संध्याकाळी उतरणाऱ्याला एक रात्र हुळुमालेत काढावी लागते आणि तो खर्च अंदाजपत्रकात बहुतेकांकडून राहून जातो. सरकारी फेरी सर्वांत स्वस्त असते, पण तिच्या फेऱ्या कमी असतात आणि शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, त्या बहुधा बंद असतात. देशांतर्गत विमानात सामानाची मर्यादा कडक असल्यामुळे मास्क आणि डायव्ह कॉम्प्युटर (खोली व वेळ मोजणारे मनगटी यंत्र) तेवढे स्वतःचे न्यावेत. बाकी साधने तेथे भाड्याने घ्यावीत.

स्थानिक लोकवस्तीच्या बेटांवर गेस्टहाऊस चालवण्यास २००९-१० पासून परवानगी मिळाली आणि मध्यमवर्गीय डायव्हरला मालदीव परवडू लागले. येथे हरित कर प्रतिव्यक्ती प्रतिदिन ६ डॉलर आहे. रिसॉर्ट आणि मोठ्या हॉटेलांत तो १२ डॉलर होतो. पर्यटन सेवांवर १७ टक्के कर लागतो. म्हणून कोणतीही किंमत ऐकली की ‘कर धरून का?’ हा प्रश्न विचारावा, आणि डायव्हच्या दरात होडी, साधने व मार्गदर्शक धरले आहेत का, हेही लेखी घ्यावे. डॉलर सर्वत्र चालतात. छोट्या दुकानांसाठी थोडे रुफिया जवळ असावेत.

या बेटांवर मद्य मिळत नाही, आणि पोहण्याचे तोकडे कपडे केवळ त्यासाठी राखलेल्या किनाऱ्यावरच चालतात. जेवणात कुपा (ट्यूना) माशाचे राज्य आहे. ‘मस हुनी’ म्हणजे कुपा, ओले खोबरे, कांदा, मिरची आणि लिंबू एकत्र कुस्करून ‘रोशी’बरोबर खायचा नाश्ता, रोशी पाहिली की आपली पोळी आठवते. शाकाहारी व्यक्तीने केवळ ‘मांस नको’ म्हणून भागत नाही, कारण मासा हा तेथे वेगळा धरला जातो. ‘मासाही नको, सुका मासाही नको’ असे स्पष्ट सांगावे.

पाण्यातला पहिला दिवस आणि पहिली खिंड

पहिली डायव्ह घराजवळच्या उथळ कडेवर तपासणीसाठी घेतात. कोणी कितीही लॉगबुक दाखवले तरी ती चुकत नाही, आणि चुकवूही नये. पट्ट्यावर नेमके किती वजन लागते, हे तेव्हाच कळते. मालदीवच्या नियमांनुसार हौशी डायव्हिंगची मर्यादा ३० मीटर आहे आणि वर येताना सक्तीचा थांबा घ्यावा लागेल अशी डायव्ह करण्यास मनाई आहे.

कंडूची डायव्ह अशी होते. होडी खिंडीच्या बाहेर, निळ्या पाण्यात थांबते. मार्गदर्शक आधी उडी मारून प्रवाह आत जातो आहे की बाहेर, हे पाहतो. आत जात असेल तरच ती डायव्ह खरी रंगते. खूण मिळताच सगळे एकदम उतरतात आणि वर रेंगाळत नाहीत, कारण पृष्ठभागावर घालवलेले एक मिनिट म्हणजे खिंडीचे तोंड हुकणे. २५ मीटरच्या आसपास खिंडीची कड लागते. तेथे जिवंत प्रवाळाला न लागता एखाद्या मेलेल्या खडकाला दोन बोटांनी धरून, किंवा दोरीच्या हुकाला अडकून थांबायचे. पाणी मास्कवर थपडा मारत असते, रेग्युलेटरमधून, म्हणजे तोंडातल्या श्वासयंत्रातून, निघालेले बुडबुडे वर जाण्याऐवजी आडवे पळतात, आणि समोर, त्याच प्रवाहात, करडे शार्क शेपटी जेमतेम हलवत जागच्या जागी लटकलेले असतात. अशी आठ-दहा मिनिटे मिळतात. मग हात सोडायचा, प्रवाहाबरोबर अटॉलच्या आत वाहत यायचे, ५ मीटरवर तीन मिनिटे थांबायचे आणि सिग्नल बोया (खुणेचा तरंगता फुगा) वर सोडायचा, म्हणजे होडीला आपण दिसतो. बुडबुडे खाली जाताना दिसले, तर तो खाली ओढणारा प्रवाह समजावा; त्याच्याशी वर झगडण्यापेक्षा गटाला धरून खडकापासून बाजूला सरकावे. जोडीदार सुटला, तर एक मिनिट शोधून वर यावे. खिंडीत एकट्याने हट्ट करू नये.

व्हेल शार्कपासून तीन मीटर, शेपटीपासून चार मीटर अंतर ठेवावे. स्पर्श आणि फ्लॅश दोन्ही वर्ज्य. शार्क मारण्यावर मालदीवने २०१० मध्ये देशभर बंदी घातली, आणि आज जे दिसते त्यात त्या निर्णयाचा मोठा वाटा आहे. प्रवाळाबद्दल मात्र अपेक्षा बेताची ठेवावी. १९९८ आणि २०१६ मध्ये समुद्र तापला, प्रवाळाच्या पेशींत राहणारी शैवाले बाहेर फेकली गेली आणि मोठमोठे पट्टे पांढरे पडून मेले. काही ठिकाणी नवी वाढ आहे, काही ठिकाणी करडा चुराच आहे. रंगीत प्रवाळबागा हेच ध्येय असेल, तर दुसरा देश निवडावा. येथे मोठे मासे आणि प्रवाह यांसाठी यावे. शंख-प्रवाळ उचलून आणणे बेकायदा आहे.

शेवटचा दिवस

डायव्हिंगचा समावेश असलेला विमा आधीच घ्यावा, कारण डायव्हिंगमधून होणाऱ्या दाबाच्या आजारावर उपचार करणाऱ्या दाबकक्षाची सोय मोजक्याच ठिकाणी आहे आणि तेथपर्यंत पोहोचण्याचा खर्च मोठा असतो. अनेक डायव्ह केल्यानंतर विमानात बसण्यापूर्वी किमान १८ तास जावे लागतात. मी २४ धरतो. देशांतर्गत विमान आणि सी-प्लेन यांनाही हाच हिशेब लावावा. फुवमुलाहून परतणाऱ्याचा घोटाळा येथेच होतो : मुंबईचे विमान उद्या आहे म्हणून तो आज सकाळी डायव्ह घेतो, आणि मालेचे विमान आज दुपारीच असते.

तो मोकळा दिवस मालेत घालवावा. दुपारनंतर मासळी बाजारात ताजा कुपा उतरतो आणि कापणाऱ्यांचे हात पाहण्यासारखे असतात. तेथून चालत जाण्याच्या अंतरावर १६५८ मध्ये पूर्ण झालेली हुकुरू मिस्की ही जुनी शुक्रवार मशीद आहे. तिच्या भिंती समुद्रातून काढलेल्या प्रवाळाच्या ठोकळ्यांच्या आहेत. ओला असताना मऊ असलेला हा दगड कापून, वाळवून, कोरून एकमेकांत असा बसवला आहे, की जोड शोधावे लागतात. खांदे आणि गुडघे झाकलेले कपडे घालून, नमाजाची वेळ टाळून जावे, आणि भिंतीच्या अगदी जवळ उभे राहावे. नक्षीच्या मधल्या कोऱ्या पट्टीवर प्रवाळाची मूळची बारीक, ताऱ्यांसारखी छिद्रे अजून दिसतात.